भटारखान्याचं घड्याळ: पुणे ते सावंतवाडी, दिवसभर बाहेर खाताना

पुण्याहून सावंतवाडीला कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली या वाटेने गेलं की पूर्ण दिवस जातो. पहाटे साडेपाच-पावणेसहाला गाडी निघाली तर थांबत थांबत दिवेलागणीला पोहोचतो. या दिवसात चार वेळा बाहेर खाणं होतं: सकाळचा नाष्टा, दुपारचं ताट, साडेचारचा चहा आणि रात्रीची मासळी. आम्ही हा रस्ता वर्षातून बरेचदा करतो, आणि आता आमची आखणी हॉटेलांच्या नावांवर होत नाही. आचारी सोडून गेला की हॉटेल बदलतं, पाटी तीच राहते. त्यामुळे नावं इथेही देत नाही. आम्ही पाहतो ते भटारखान्याचं घड्याळ: कुठल्या वेळी कुठला टोप उतरतो, कुठली शेगडी पेटलेली असते, काय सपाट्याने खपतं आणि काय सकाळपासून पडून असतं. भूक लागली म्हणून थांबलात तर जे असेल ते खावं लागतं. टोप उतरायच्या वेळी पोहोचलात तर साध्या पत्र्याच्या शेडमध्येही उत्तम जेवता येतं.

म्हणून आदल्या रात्री हिशोब उलटा करायचा. कोल्हापुरात मटणाचा पहिला टोप साधारण बारा-साडेबाराला तयार होतो. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, चालण्याचे साडेचार तास, नाष्ट्याचा पाऊण तास आणि रस्त्याच्या कामांसाठी अर्धा तास हाताशी. म्हणजे पावणेसहाला कात्रज-नवले पूल मागे पडला पाहिजे. आठला निघालात तर कोल्हापूरला दोन वाजतात, गर्दी टिपेला असते, भाकरीवाल्या मावशी थकलेल्या असतात आणि पांढरा रस्सा तिसऱ्यांदा गरम होत असतो. सकाळचे ते दोन तास दुपारचं जेवण ठरवतात.

वाटेतले चार टोलनाके आम्ही खुणेसारखे वापरतो: खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. नाष्टा खंबाटकी घाट चढून उतरल्यावर, सुरूर फाटा ते आणेवाडी या पट्ट्यात. घाटाआधी शिरवळला थांबणारे बरेच असतात, पण सकाळी रिकाम्या पोटी गाडी लागणारं कुणी असेल तर भरल्या पोटी घाट अधिकच त्रासाचा. पुण्याकडून जाताना घाटरस्ता चढावा लागतो, येताना बोगदा मिळतो. म्हणून जाताना घाटाआधी फक्त चहा आणि दोन बिस्किटं, खाणं पलीकडे.

हॉटेल निवडताना पहिली अट, ते आपल्या डाव्या हाताला हवं. उजवीकडचं कितीही चांगलं दिसलं तरी पुलाखालून वळून येण्यात पाच-सात किलोमीटर आणि पंधरा मिनिटं जातात, आणि परत जायला तेवढेच. दुसरी गोष्ट सेवारस्त्याची. हॉटेलची पाटी दिसते तेव्हा मुख्य रस्त्यावरून बाहेर पडायचा फाटा बहुतेकदा मागे गेलेला असतो. सहापदरीकरणाच्या कामांमुळे हे फाटे सरकतही राहतात. त्यामुळे थांबायचं ठरलं की दोन किलोमीटर आधीपासून डावी बाजू धरायची आणि सेवारस्त्यावर उतरूनच हॉटेल शोधायचं. ताशी नव्वदच्या वेगात पाटी वाचून ब्रेक मारणं सर्वांत धोक्याचं.

आवारात शिरताना वाहनं बघायची. खासगी प्रवासी बसच्या रांगा म्हणजे चांगलं हॉटेल असं समजू नका. बस कुठे थांबवायची हे प्रवासी ठरवत नसतात. शिवाय एका बसमधून चाळीस माणसं एकदम उतरतात, आणि दोन बस उभ्या असल्या तर तुमची ऑर्डर अर्धा-पाऊण तास मागे जाते. गावातल्या दुचाकी, मालवाहू टेम्पो, एखादा दूधवाला दिसला तर थांबा. ही माणसं रोज तिथेच खातात, त्यांचं पोट बिघडलं तर ती उद्या येणार नाहीत. उतरल्यावर एक जण टेबल धरायला आणि एक जण थेट स्वच्छतागृहाकडे. तिथे पाणी, साबण आणि कोरडी फरशी असेल तर भटारखान्याकडे लक्ष देणारा माणूस त्या हॉटेलात आहे असं धरायला हरकत नाही. ते घाण असेल तर चहा पिऊन उठायचं. फक्त स्वच्छतागृहाचीच गरज असेल तर पेट्रोलपंप आहेत. पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह ही सोय पंपावर मोफत असावी लागते, पेट्रोल भरलं नाही तरी.

सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला हायवेच्या हॉटेलात पोहे, उपमा, मिसळ, वडा, इडली हे सगळं फळ्यावर लिहिलेलं असतं. पोहे सहाच्या आसपास परतलेले असतात आणि झाकून वाफेवर ठेवलेले असतात. आठपर्यंत ते मऊ आणि मोकळे असतात. नवानंतर कडेचे दाणे वाळतात, हळदीचा रंग काळवंडतो, आणि मग वर कच्चा कांदा, शेव, खोबरं जास्त पडायला लागतं. ताटली समोर आली आणि वरच्या सजावटीखाली पोहे दिसतच नसतील तर समजायचं. वड्यासाठी एकच प्रश्न: "दादा, पुढचा घाणा कधी निघतोय?" पाच मिनिटं म्हणाले तर थांबायचं, काचेच्या पेटीतले थंड वडे परत कढईत सोडून दिलेले घ्यायचे नाहीत. ते दुसऱ्यांदा तेल पितात आणि घाटात तेच वर येतं. कढई दिसत असेल तर तेलाकडे बघा. फेस बसत नसेल, रंग काकवीसारखा झाला असेल, मंद आचेवरही धूर निघत असेल तर ते तेल फार वेळा तापलेलं आहे. तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल वारंवार तापल्यावर तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते टाकून द्यावं असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण फेस आणि वास डोळ्या-नाकाला कळतो.

मिसळ सकाळी मागवावी. मटकीची उसळ पहाटे शिजते आणि कट, म्हणजे वरून घ्यायचा तिखट रस्सा, तेव्हा झणझणीत असला तरी पातळ आणि मिठाला नेमका असतो. दिवसभर तो उकळत राहतो, आटतो, खारट होतो, मग पाणी घालून वाढवला जातो. अकरानंतर मिसळीत मटकी फुटून पीठ झालेली दिसते ती यामुळेच. मागवताना "कट वेगळा द्या" म्हणायचं, म्हणजे तिखटाचा अंदाज आपल्या हातात राहतो आणि फरसाण कुरकुरीत राहतं. पुण्यात ज्याला सँपल म्हणतात त्याला कोल्हापूरकडे कट म्हणतात, आणि तिकडे मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. जादा कट बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो, जादा फरसाणाचे पैसे पडतात. इडली-डोशाची ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी ठीक, दुपारनंतर हात लावू नये. खोबरं उष्णतेत लवकर आंबतं, आणि त्या चटणीत भटारखान्यातलं कच्चं पाणी असतं. लसणाची कोरडी चटणी केव्हाही चालते.

नाष्टा किती, हेही ठरवून खावं. साडेबाराला ताट जेवायचं असेल तर सकाळी चौघांत तीन पदार्थ पुरतात. चालकाने वडा टाळावा, पोहे किंवा इडली खावी.

सातारा मागे पडला की तासवड्यापर्यंत चहाखेरीज थांबत नाही. कंदी पेढे घ्यायचे तर परतताना. खवा चांगला भाजलेला असल्याने ते इतर पेढ्यांपेक्षा जास्त टिकतात, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेही टिकणार नाहीत. कराडपासून पुढे पेठ नाका, इस्लामपूर या पट्ट्यात ढाब्यांवर "अख्खा मसूर" अशा मोठ्या पाट्या सुरू होतात. शाकाहारी मंडळी सोबत असतील तर दुपारचं जेवण इथेच करावं असं आमचं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या मटणाच्या हॉटेलात शाकाहारी ताट बऱ्याचदा उरकल्यासारखं असतं. इथे उलट. मसूर मोठ्या पातेल्यात एकदम शिजतो, दिवसभर हाच पदार्थ खपतो, त्यामुळे तो पडून राहत नाही. चांगल्या अख्ख्या मसुरात दाणा अख्खा दिसतो आणि बोटाने दाबला की विरघळतो. रस एकीकडे आणि दाणे एकीकडे झाले असतील तर पातेल्यात पाणी ओतलेलं आहे. सोबत तंदूर रोटी, कच्चा कांदा, दही. चौघांना तीन प्लेट मसूर आणि आठ रोट्या पुरतात, चौथी प्लेट नंतर मागवता येते.

ढाब्यावर मसुराशिवाय काही हवं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. भाज्यांची यादी शंभर-दीडशेंची असते, पण आत ग्रेव्ह्या तीनच: टोमॅटो-कांद्याची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि परतलेल्या कांद्याची तपकिरी. त्या सकाळी होतात आणि प्रत्येक ऑर्डरला त्यांतलीच एक-दोन पळ्या तव्यावर येते. चार जणांनी चार वेगळ्या पनीरच्या भाज्या मागवल्या तर एकाच लाल ग्रेव्हीची चार नावं ताटात येतात, आणि आचाऱ्याला चार वेळा तवा धुवावा लागतो म्हणून वेळही चौपट. एक रस्सेदार, एक डाळ, एक सुकी, असं मागवलं की वीस मिनिटांत सगळं टेबलावर असतं. ऑर्डर एका दमात द्यायची. "आधी हे आणा, मग सांगतो" म्हटलं की दुसरी ऑर्डर रांगेत शेवटी जाऊन बसते.

आता कोल्हापूर, म्हणजे या दिवसाचं मुख्य जेवण. शहरात शिरताना वार लक्षात घ्या. रविवार, बुधवार, शुक्रवार हे सामिष खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरं पाळतात, हॉटेलात गर्दी कमी असते, आणि गर्दी कमी म्हणजे टोप उशिरा संपतो. श्रावणात हा फरक आणखी जाणवतो. रविवारी दीडनंतर मात्र बाहेर तास-तास उभं राहावं लागतं. आमचा ठरलेला वेळ पावणेबारा ते साडेबारा.

बसल्या बसल्या पहिलं काम भाकरी सांगणं. हातावर थापलेली भाकरी एका चुलीवर दोन-तीन मिनिटांना एक निघते. चौघांना दोन-दोन म्हटलं तर आठ भाकऱ्या, म्हणजे वीस मिनिटं, तेही तुमच्या आधी कुणी नसेल तर. ताट आल्यावर भाकरी सांगितली की मटण गार होतं आणि माणसं भातावर सुटतात. लहान मुलं किंवा तिखट न खाणारे ज्येष्ठ सोबत असतील तर दुसरं वाक्य: "मावशी, अळणी मिळेल का?" मसाला पडायच्या आधीचा मटणाचा हा उकड रस्सा असतो. त्यात भात कालवून मुलं आनंदाने जेवतात. पण हा पहिल्या टोपाबरोबरच मिळतो, दोननंतर सगळा तांबड्या-पांढऱ्यात गेलेला असतो.

ताटात सुक्या मटणाची वाटी, तांबडा, पांढरा, कांदा-लिंबू, दह्यातली कोशिंबीर, शेवटी भात. सुक्याची वाटी मोजून असते, चार ते सहा तुकडे. तांबडा-पांढरा बहुतेक ठिकाणी मागाल तितका, पण बसतानाच विचारून घ्यावं. काही ठिकाणी दुसऱ्या वाटीपासून पैसे लागतात आणि बिलावर वाद होतो. पांढरा आधी चाखा. नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि मटणाचा अर्क हे एकजीव असलं पाहिजे. नारळाचं दूध जोरात उकळलं की फाटतं. पांढऱ्यात बारीक कण तरंगत असतील, वर तुपासारखा थर आणि खाली पाणी दिसत असेल तर तो वारंवार उकळलेला आहे. मळमळतं ते याच पांढऱ्याने, आणि दोष मात्र तिखटाला जातो. तांबड्यावरचा लाल तवंग बघून घाबरायचं कारण नाही. तवंग बाजूला सारून खालचा रस्सा घेतला की तिखटपणा बराच कमी होतो. फार झोंबला तर त्यातच दोन चमचे पांढरा घालावा. पाणी पिऊन तिखट जात नाही, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही. दही, ताक, भात यांनी जातं.

मटणाचा तुकडा हाडापासून बोटाने सुटला पाहिजे. चिवट असेल तर टोप घाईत उतरवलाय, सांगावं, बदलून देतात. इथली माणसं मटणाच्या तक्रारीवर चिडत नाहीत, उलट मनाला लावून घेतात. तुकडे काळपट आणि दोऱ्यांसारखे सुटत असतील तर तो सकाळचा नाही.

भाताबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रवासात पोट बिघडतं त्यात भाताचा वाटा मोठा असतो आणि संशय मात्र मटणावर जातो. शिजलेला भात तासन्‌तास साध्या तापमानाला राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत, आणि एकदा तयार झालेलं उलटी आणणारं विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून वाफाळता भात खावा, आणि दुपारी चारला "जिरा राइस आहे" असं उत्तर पटकन आलं तर तो दुपारचाच उरलेला आहे हे ओळखावं. उरलेलं जेवण बांधून घेऊन रात्री गाडीत खायची सवय याच कारणाने सोडून द्यावी. शिजलेलं अन्न दोन तासांवर, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरावर, बाहेर राहू नये, आणि बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते.

चालकाचं ताट वेगळं. अर्धी भूक ठेवून जेवायचं, भात चार घास, रस्सा एकच वाटी. भरल्या पोटाची सुस्ती आणि दुपारी दोन ते चारची शरीराची मंदावलेली वेळ एकत्र आली की डुलकी लागते. कागल-निपाणीचा सरळ चांगला रस्ता नेमका त्याच वेळी येतो. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मगच चावी हातात. शक्य असेल तर सकाळी गाडी चालवणाऱ्याने दुपारी मागे बसावं. मधुमेही व्यक्तीने जेवणाआधीचं इन्सुलिन ताट प्रत्यक्ष समोर येईपर्यंत घेऊ नये. "पाच मिनिटांत देतो" हा हॉटेलचा अंदाज असतो, आणि पाचाची पंचवीस झाली की साखर उतरते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हवीच.

बिल येतं तेव्हा सगळे हात धुवायला उठलेले असतात. एकाने बसून ते वाचावं. चुका ठरावीक जागी होतात: पापड, पाण्याची बाटली, जादा भाकरी. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, वातानुकूलित खोलीत बसलात तरी तेवढाच. नोंदणी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रात त्याची सुरुवात २७ ने होते. निपाणीत खाल्लंत तर २९, कारण ते कर्नाटक, आणि गोव्यात ३०. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर लावता येत नाही. क्रमांक छापलेला नसताना कर लावलेला असेल तर शांतपणे विचारावं. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडायचं नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगितलं की काढतात, नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. बाहेरच्या टपरीवर छापील किंमतच. आम्ही घरून माणशी दोन लिटर पाणी घेऊन निघतो, तो प्रश्नच मिटतो. आणि थोडी रोकड ठेवावी. आजऱ्यापुढे रेंज जाते आणि चहाचे चाळीस रुपये फोनवरून जात नाहीत.

निपाणीहून उत्तूर-आजऱ्याकडे वळलं की हॉटेलं कमी होतात आणि रस्ता हिरवा होतो. आजऱ्याला घनसाळ तांदूळ मिळतो. हा सुवासिक वाण आहे, भौगोलिक मानांकन मिळालेला. घरी न्यायचा तर इथेच घ्यावा. ही वेळ चार ते सहाची असते, आणि भटारखान्याच्या दृष्टीने दिवसातली सगळ्यात रिकामी. दुपारचे टोप घासायला गेलेले, तंदूर विझलेला, आचारी झोपलेला. या वेळेत रोटी-भाजी मागितली तर तंदूर पेटून तापायलाच अर्धा-पाऊण तास. देतात, कारण गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, पण जे येतं ते दुपारचं गरम केलेलं. या वेळी चालू असते ती फक्त चहाची शेगडी आणि भज्यांची कढई. तेच खावं: कांदाभजी, चहा, पावसाळ्यात आंबोलीत भाजलेलं कणीस. कणीस तर निर्धोकच, डोळ्यांसमोर निखाऱ्यावर भाजलेलं. फक्त लिंबू-तिखट लावायची ओली वाटी न वापरता आपलं लिंबू चिरून घ्यावं. आंबोलीत धबधब्यापाशी माकडं पिशव्या ओढतात, खाणं गाडीच्या काचा लावूनच.

आंबोली ते सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर आणि त्यातला बराचसा उतार वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधी तासभर तळण टाळावं, गोळी घ्यायची तर घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. उलटी झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो. पुढच्या सीटवर बसून लांबवर बघायचं, फोन बंद. आल्याचा तुकडा आणि मीठ लावलेलं लिंबू बऱ्याच जणांना पुरतं.

सावंतवाडीत साडेसातला खोलीवर सामान टाकून आठला जेवायला. मासळीच्या हॉटेलात यादी हातात घेऊच नये. "काका, आज काय आलंय?" असं विचारलं की चांगल्या हॉटेलात एक तर लगेच दोन-तीन नावं येतात, किंवा आतून मासे मांडलेली थाळी आणून दाखवतात. सगळंच आहे असं उत्तर आलं तर शीतपेटीतलं आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी सुरमई-पापलेट कुणी सांगितली तर ती बर्फातली असते, तिचे ताज्याचे पैसे देऊ नयेत. या दिवसांत खाडीचे मासे, तिसऱ्या (शिंपल्या) किंवा सुक्या बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, मागवावं. सुका जवळा घालून केलेली भाजीही असते, आणि ती चवीला कुणाच्या मागे नाही.

कच्चा मासा दाखवला तर डोळा फुगीर आणि चमकदार हवा, कल्ला उचलून बघितला तर लाल, आणि बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरला पाहिजे. सुरमई, पापलेट, सरंगा यांचा दर आकाराप्रमाणे, म्हणून तुकडा बघून भाव आधी ठरवायचा. यादीत किमतीऐवजी "साइजप्रमाणे" असं लिहिलेलं असतं, तिथेच बिल फुगतं. बांगडा स्वस्त आणि बहुधा ताजा, पण त्याची एक खोड माहीत हवी. पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही तर त्यात हिस्टामीन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन साठतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुणचुण झाली, ती मसाल्याची वाटली नाही, तर तो तुकडा बाजूला ठेवा. पुढे तासाभरात तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांध्या येणं असं होतं. ताज्या बांगड्यात हे होत नाही.

तळलेल्यात तवा फ्राय मागवावा. जाड रव्याच्या थरात माशाचा वास आणि वय दोन्ही लपतात. थाळीत माशाची आमटी, एक तुकडा तळलेला, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, उकडा भात आणि सोलकढी येते. सोलकढी फिकट गुलाबी असते, आणि ढवळल्यावर एकजीव. भडक गुलाबी दिसली तर रंग घातलाय. तळाशी पाणी, वर साय असं झालं असेल तर ती सकाळची आहे. नारळाचं दूध आहे, ते काही तासांतच उतरतं. साडेआठपर्यंत बसलात तर संध्याकाळी काढलेल्या दुधाची मिळते, दहानंतर पाणी घातलेली.

इतकं करूनही एखाद्याचं पोट बिघडतंच. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घोट घोट देत राहायचं. मीठ अंदाजाने घालू नये, जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो. शौचातून रक्त, ताप, किंवा सहा तास लघवी नाही असं झालं तर पुढचा मुक्काम रद्द करून दवाखाना.

परतताना सावंतवाडीहून सहाला निघालं की साडेनऊ-दहाला कोल्हापूर. मिसळीसाठी ही वेळ अगदी शेवटची, त्यामुळे वाटेत कुठेही न थांबता थेट तिथे. त्यानंतर अख्खा मसूर दीडच्या सुमाराला पेठ नाक्याजवळ. रविवारी संध्याकाळी सहानंतर खेड-शिवापूरपासून गाड्यांची रांग लागते, त्या रांगेत पोरं भुकेने रडायला लागतात. कोल्हापुरात रेंगाळलात तर रात्रीचं खाणं साताऱ्यातच साडेसहाला उरकून घ्यावं. तंदूर तेव्हा नुकताच पेटलेला असतो, पहिल्या रोट्या मिळतात.